गटाने व्यायाम, नेमाने व्यायाम : फिटनेस बूट कॅम्पचे फायदे



"उद्यापासून सकाळी चालायला जायचंच!" असं आपण आजवर किती वेळा ठरवलं, जरा आठवून बघा. पहिले चार दिवस उत्साह असतो. पाचव्या दिवशी पाऊस येतो, सहाव्या दिवशी डब्याची घाई असते आणि सातव्या दिवशी बूट परत कपाटात जातात. व्यायाम चांगला, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वर्गात आपणच ते शिकवतो. अडतं ते रोज करण्यापाशी. नेमकी तिथेच गटाची मदत होते.

बूट कॅम्प म्हणजे काय?

अमेरिकेत सैन्यात नव्याने भरती झालेल्यांच्या प्रशिक्षण शिबिराला बूट कॅम्प म्हणतात. तिथून हा शब्द व्यायामाच्या वर्गांना मिळाला. पण नावाला घाबरू नका! दहा-वीस माणसं मैदानात किंवा बागेत जमतात, एक प्रशिक्षक असतो आणि पाऊण ते एक तास व्यायाम चालतो. आधी अंग मोकळं करायचं. मग उठाबशा, जोर, दोरीउड्या, जागेवर धावणे असे प्रकार अर्धा-पाऊण मिनिट करायचे, थोडं थांबायचं आणि पुढचा प्रकार घ्यायचा. शेवटी शरीर ताणून शांत व्हायचं. महागडी यंत्रं लागत नाहीत.

खरं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. वस्तादांच्या नजरेखाली सगळ्यांनी मिळून जोर-बैठका काढणं हे आपल्या तालमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून हे काम करत आहे.

व्यायाम किती हवा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे प्रकार करावेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. म्हणजे आठवड्यातून तीनदा ५० मिनिटांचा बूट कॅम्प केला, तरी आपली किमान गरज भागते.

गटात व्यायाम करण्याचे फायदे

१. खाडा कमी होतो. एकट्याने दांडी मारली तर विचारणारं कोणी नसतं. गटात मात्र "काय हो, काल आला नाहीत?" असं कोणीतरी विचारतंच. आपली कोणीतरी वाट बघतंय, एवढी जाणीव अंथरुणातून उठायला पुरते.

२. मागे असलेला पुढे येतो. १९२० च्या दशकात ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन क्लबमधील सदस्यांकडून वजन उचलण्याचे प्रयोग करून घेतले. एकट्यापेक्षा जोडीदारासोबत असताना कमी ताकदीचा माणूस जास्त वेळ टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा परिणाम चांगला दिसला. फरक फार मोठा असेल तर तो कमी झाला. म्हणून गट निवडताना आपल्यापेक्षा थोडे पुढे असलेले सोबती शोधा.

३. कष्ट सुसह्य होतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या १२ नौकानयनपटूंवर एक अभ्यास झाला होता. तेवढाच व्यायाम एकत्र केल्यावर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता एकट्याने केल्यापेक्षा जास्त वाढली. अभ्यास छोटा आहे, पण लेझीम किंवा ढोलपथकात घामाघूम होऊनही न थकणाऱ्यांना हे लगेच पटेल!

४. चुका वेळीच सुधारतात. उठाबशा काढताना पाठ वाकते किंवा गुडघे आत येतात, हे आपलं आपल्याला दिसत नाही. प्रशिक्षकाला ते दिसतं.

ही काळजी घ्या

• रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• व्यायाम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग मध्यम आहे. सुरुवातीला याच्या पुढे जाऊ नका.
• दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं स्वाभाविक आहे. पण छातीत दुखलं, घेरी आली किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.
• शेवटी राहिलेल्याला हसणारा किंवा ओरडणारा प्रशिक्षक नको.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबू या. आपल्यापैकी अनेकांना व्यायामाची नावड कुठे लागली? बहुतेक वेळा शाळेतच. धावण्यात शेवटी आल्यावर झालेलं हसं वर्षानुवर्षं लक्षात राहतं. गृहपाठ राहिला की उठाबशा! म्हणजे उत्तम व्यायामाला आपणच शिक्षा करून टाकलं. वर गणिताचा भाग राहिला की पहिला बळी शारीरिक शिक्षणाच्या तासाचा. मग मुलं खेळत नाहीत म्हणून तक्रार कोणी करायची?

मुलं आपण सांगतो ते ऐकतात की नाही कोण जाणे, पण आपण करतो ते नक्की बघतात. आई सकाळी मैत्रिणींबरोबर मैदानात हसत उड्या मारते, सर पालकांच्या शेजारी उभे राहून जोर काढतात आणि दमले की मोकळेपणाने थांबतात, हे दृश्य दहा भाषणांचं काम करतं.

सुरुवात कशी कराल?

मोठा खर्च नको. पाच-सहा शिक्षक-पालक मिळून मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. शाळा भरण्यापूर्वी मैदान रिकामंच असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरवा. शाळेतील क्रीडाशिक्षकांना पहिले काही दिवस मार्गदर्शनाची विनंती करा. पहिले दोन आठवडे निम्माच व्यायाम करा आणि एकच नियम ठेवा : शेवटचा माणूस संपवेपर्यंत कोणी निघायचं नाही.

मग आजच एका शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला विचारा, "सोमवारी येणार का?" बघा, तो 'हो' म्हणाला की तुम्हालाही जावंच लागेल!