दीपगृह कोणाचे?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दीपगृहाला मानाचे स्थान आहे. जहाजांकडून भर समुद्रात पैसे वसूल करता येत नाहीत, म्हणून कोणीही खाजगी लाभासाठी दीपगृह बांधणार नाही, असा युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये केला. पुढे पॉल सॅम्युएलसन यांच्या पाठ्यपुस्तकाने हे उदाहरण जगभरच्या वर्गांत पोचवले. दीपगृहाचा प्रकाश एका जहाजाला दिसला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा प्रकाश कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टीही बांधता येत नाही. म्हणून दीपगृह ही 'सार्वजनिक वस्तू' होय व तिचा भार शासनाने उचलावा, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये एक गाजलेला निबंध लिहून त्याला छेद दिला. इंग्लंडमध्ये खाजगी व्यक्तींनी राजाच्या सनदेने दीपगृहे बांधली होती व त्यांचे शुल्क बंदरात वसूल होत असे, हे त्यांनी दाखवून दिले.

हा वाद दरवर्षी पदवीच्या वर्गापुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखकाचा परिपाठ आहे. एका वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बांधायचे कोणी हे कळले, पण वादळात ते पडले तर पुन्हा उभे कोणी करायचे?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मिल, सॅम्युएलसन आणि कोस यांचा वाद दीपगृहाचे पैसे कसे गोळा करावेत याविषयी आहे. त्याच्या पायाखालची वाळू वाहून गेल्यावर काय करावे, याविषयी नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेच्या अटलांटिक व मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडे पाहावे लागते, कारण चक्रीवादळांनी तेथील दीपगृहांची पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कठोर परीक्षा घेतलेली आहे.

अमेरिकेच्या संसदेने १७८९ मध्ये, म्हणजे आपल्या पहिल्याच वर्षात, दीपगृहांचा भार केंद्राच्या तिजोरीवर घेतला. तत्त्वाचा प्रश्न असा प्रारंभीच सुटला. व्यवहाराचा मात्र सुटला नाही. १८२० ते १८५२ या काळात हा कारभार कोषागाराचे हिशेबनीस स्टीफन प्लेझंटन यांच्याकडे होता. काटकसर हा त्यांचा धर्म होता. सर्वांत कमी दराच्या निविदेला कंत्राट आणि वर्षाअखेर हिशेबात शिल्लक, हीच कारभाराची कसोटी ठरली. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट आणि सँड की येथील विटांचे मनोरे याच काळातले. ११ ऑक्टोबर १८४६ रोजी आलेल्या चक्रीवादळात हे दोन्ही मनोरे कोसळले. सँड की येथे दीपरक्षक जोशुआ ॲपलबी आणि त्यांच्या घरातील माणसे बेटासह समुद्राने गिळली. की वेस्ट येथे मनोऱ्याच्या आश्रयाला आलेली माणसे त्याच मनोऱ्याखाली गेली. तेथील दीपरक्षक बार्बरा मॅब्रिटी ही विधवा वाचली आणि नवा मनोरा अधिक आत, उंचावर बांधला गेल्यावर तिने पुन्हा तेच काम पत्करले.

या आपत्तीतून अमेरिकेने दोन धडे घेतले. पहिला अभियंत्यांचा. सँड की येथे १८५३ मध्ये उभारलेले दीपगृह लोखंडी सांगाड्याचे होते. त्याचे खांब भल्यामोठ्या स्क्रूप्रमाणे समुद्रतळात पिळून बसवले होते आणि लाटा व वारा त्यांच्यामधून आरपार जात. १८६५ च्या वादळात आजूबाजूचे बेट पुन्हा वाहून गेले; दीपगृह जागेवरच राहिले. दुसरा धडा प्रशासनाचा. कारभाराची सविस्तर चौकशी होऊन १८५२ मध्ये तो हिशेबनिसाच्या हातून काढून अभियंते, नौदल अधिकारी व शास्त्रज्ञ यांच्या मंडळाकडे सोपवण्यात आला. स्वस्त मनोरा शेवटी महाग पडतो, हे सरकारने उशिरा का होईना, मान्य केले.

या शहाणपणाचे फळ ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमध्ये दिसले. गॅल्व्हेस्टन शहरावर आलेल्या त्या चक्रीवादळात सहा ते आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे मानले जाते. अमेरिकेच्या इतिहासात एवढी प्राणहानी दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक आपत्तीने केलेली नाही. शहरासमोरच्या बोलिव्हर भूशिरावर १८७२ चा विटांनी आतून बांधलेला लोखंडी मनोरा उभा होता. त्याच्या गोल जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून सुमारे सव्वाशे माणसांनी ती रात्र काढली आणि ती वाचली. दीपरक्षक हॅरी क्लेबोर्न यांनी घरातला शिधा त्यांना वाटला. १९१५ च्या वादळात याच जिन्याने पुन्हा सुमारे साठ जणांना आसरा दिला. जहाजांसाठी बांधलेली ही वस्तू जमिनीवरच्या माणसांच्या कामी आली. या लाभाचा विचार ना मिल यांच्या युक्तिवादात आहे, ना कोस यांच्या प्रत्युत्तरात. त्या सव्वाशे जिवांची किंमत कोणत्या बंदरात आणि कोणत्या दराने वसूल करायची?

उपग्रहांच्या साह्याने जहाजे मार्ग काढू लागल्यापासून चित्र पालटले आहे. दिव्याची निकड कमी झाली, दीपरक्षक निवृत्त झाले. चक्रीवादळे मात्र यायची थांबली नाहीत. सन २००० च्या कायद्यान्वये अमेरिकी सरकार नको असलेली ऐतिहासिक दीपगृहे नगरपालिकांना व धर्मादाय संस्थांना विनामूल्य देऊ लागले. घेणारे कोणी न मिळाल्यास त्यांचा लिलाव होतो. वरवर पाहता ही उदारता वाटते. परंतु मोफत मिळालेल्या हत्तीला चारा विकतच घालावा लागतो. मालकी हस्तांतरित झाली, तरी दर काही वर्षांनी येणाऱ्या वादळाची जोखीमही तिच्याबरोबर एखाद्या लहान गावाच्या अंदाजपत्रकात जाऊन बसते.

मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरील दोन उदाहरणे बोलकी आहेत. बिलॉक्सी येथील १८४८ चा बिडाचा मनोरा १९६८ पासून शहराच्या मालकीचा आहे. १८६० च्या वादळाने पायाजवळची वाळू खचून तो कलला होता. पुढे विरुद्ध बाजूची माती काढून तो सरळ करण्यात आला. १९६९ च्या 'कमिल'मध्ये तो टिकला. २००५ च्या 'कॅट्रिना'मध्ये त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, तरीही तो टिकला, आणि दुरुस्त होऊन २०१० मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला. याउलट पास्कागूलाजवळच्या राऊंड बेटावरील १८५९ चा मनोरा. समुद्र त्याच्या पायाखालची वाळू वर्षानुवर्षे खात होता. पाया सावरण्याचे काम पुरते होण्याआधीच १९९८ च्या 'जॉर्जेस' वादळाने तो आडवा केला. पुढे तो मुख्य भूमीवर नव्याने उभारला गेला, परंतु त्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. शांत वर्षांत न केलेला खर्च वाचत नाही, तो साचत जातो. व्यापारी आपल्या हिशेबात यंत्राचा घसारा दरवर्षी धरतो. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र अनेकदा वादळच तो एकरकमी वसूल करते.

याचा अर्थ प्रत्येक मनोरा कोणत्याही किमतीला वाचवावा असा नव्हे. लुइझियानाच्या शॅन्डेलूर बेटांवर १८५२ व १८९३ च्या वादळांनी दीपगृहे मोडली. १८९६ मध्ये उभारलेले २००५ मध्ये 'कॅट्रिना'ने नेले. जेथे बेटच जागेवर राहत नाही, तेथे लोकांचा पैसा ओतणे शहाणपणाचे नाही. केप हॅटरस येथील १८७० चा प्रचंड मनोरा १९९९ मध्ये रुळांवरून सुमारे २,९०० फूट मागे नेण्यात आला. हा उपाय काही मोजक्या वास्तूंसाठीच परवडणारा आहे. निवड करावीच लागेल. ती उघडपणे, निकष ठरवून आणि वादळाआधी व्हावी, एवढीच अपेक्षा.

आपल्या देशात १९२७ च्या कायद्याने दीपगृहांसाठी जहाजांकडून शुल्क घेण्याची पद्धत रूढ झाली. २०२१ च्या नव्या कायद्याने ती चालू ठेवली आणि शिवाय वारसा-दीपगृहांची स्वतंत्र तरतूद केली. म्हणजे कोस यांचा बंदरातील शुल्काचा मार्ग आपल्याकडे कायद्यातच आहे. परंतु शुल्क देणारे जहाज दिव्याचे पैसे देते. इतिहासाचे किंवा आसऱ्याचे नव्हे. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आपला किनाराही या परीक्षेतून सुटलेला नाही हे दिसलेच. वारशाची यादी करणे सोपे आहे. यादीतल्या प्रत्येक वास्तूपुढे डागडुजीची वार्षिक रक्कम लिहिणे अवघड.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी फ्लॉरिडातील सॅनिबेल बेटावर 'इयन' चक्रीवादळ आले. तेथील १८८४ च्या लोखंडी सांगाड्याच्या दीपगृहाशेजारची दीपरक्षकांची घरे वाहून गेली आणि मनोऱ्याचा एक पाय तुटला. उरलेल्या पायांवर तो उभा राहिला. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी, गावातील अनेक घरे अजून दुरुस्त व्हायची असतानाच, तेथील दिवा पुन्हा लागला. जहाजांना त्याची फारशी गरज नव्हती. घरी परतू पाहणाऱ्या माणसांना होती.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला आज मी असे उत्तर देईन की, पडलेले दीपगृह ज्या समाजाला हवे आहे त्या सर्व समाजाने ते उभे करावे. एकट्या किनाऱ्यावरच्या गावाने नव्हे. आणि ते पडण्याची वाट तर कोणीच पाहू नये.