कॉइल बदलण्याआधी कंडेन्सर पाहा

मुंबईतील पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाल्या, पण हौशी मालकांच्या जुन्या पद्मिनी गॅरेजात येतातच. तक्रार ठरलेली: पेट्रोल येत असूनही गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू. पुष्कळ कारागीर बंधू लगेच नवी कॉइल बसवतात. दोष दुसरीकडे निघाला की गिऱ्हाईक भांडते, आणि आमच्या मते त्याचे बरोबरच असते.

आधी डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडावी. पॉइंट जळून निळे-काळे पडले असतील, स्टार्टर मारताना त्यांत मोठी ठिणगी उडत असेल, तर संशय स्वस्तातल्या कंडेन्सरवर घ्यावा. तो बदलून पॉइंटचे अंतर फीलर गेजने साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावे. प्लगला निळी, जोरदार ठिणगी आली तर कॉइल ठीक. पिवळी, बारीकच राहिली तर वायर, रोटर आणि मग कॉइल तपासावी. नवा कंडेन्सरही कधी खराब निघतो. खात्रीचा एक पेटीत असू द्यावा.