स्लाइडशोला संगीत कसं लावायचं, आणि ऐन वेळी आवाज बंद पडला तर काय करायचं



या वेळच्या व्हिडिओत आपण पॉवरपॉइंटच्या स्लाइडशोला संगीत लावायला शिकलो. पण व्हिडिओ पुढे-मागे करत काम करणं अवघड जातं. म्हणून सगळ्या पायऱ्या इथे क्रमाने लिहून देतोय. लॅपटॉपशेजारी मोबाइलवर हे पान उघडं ठेवा आणि एकेक करत चला.

आधी एक प्रश्न. आपल्याला हे कशाला हवंय? समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. किंवा तुमचा बचत गट शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकतो. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. आपल्या गणवेश उत्पादकांची प्रदर्शनं आता मुंबई, बेंगळुरू, हैदराबादपर्यंत भरतात. म्हणजे माल दाखवायची संधी आहे. पण प्रदर्शनात माणूस चालता चालता बघतो. तो तुमच्या स्टॉलसमोर थांबला तरच पुढचं बोलणं होणार. टीव्हीवर चालणारा दोन मिनिटांचा नीटनेटका स्लाइडशो त्याला थांबवू शकतो. आणि तोच स्लाइडशो मुका चालला, अडखळला किंवा भलतंच गाणं वाजवायला लागला, तर स्टॉलचं भाडं भरून आपण आपलंच हसं करून घेतो.

म्हणून तीन प्रश्न पक्के लक्षात ठेवा. गाणं फाईलच्या आत आहे का? आवाज बाहेर पडायची वाट बरोबर आहे का? आणि ते गाणं वाजवायचा आपल्याला हक्क आहे का? सगळ्या अडचणी या तीनपैकी एका ठिकाणी सापडतात.

पहिलं काम: गाणं फाईलच्या आत बसवा

पॉवरपॉइंट उघडा. पहिल्या स्लाइडवर या. वरच्या पट्टीत 'इन्सर्ट'वर जा, उजवीकडे 'ऑडिओ' दिसेल, त्यात 'ऑडिओ ऑन माय पीसी' निवडा. गाण्याची फाईल दाखवा आणि 'इन्सर्ट' दाबा. स्लाइडवर छोटा भोंगा दिसायला लागेल. संगीत आत आलं.

आता त्या भोंग्यावर एकदा क्लिक करा. वर 'प्लेबॅक' नावाची नवीन पट्टी येईल. त्यातलं 'प्ले इन बॅकग्राउंड' दाबा. या एका बटणाने चार कामं होतात: गाणं आपोआप सुरू होतं, स्लाइड बदलली तरी चालू राहतं, संपलं की पुन्हा सुरू होतं आणि भोंग्याचं चित्र शो चालू असताना लपतं. बऱ्याच जणांची तक्रार असते की "सर, दुसरी स्लाइड आली की गाणं बंद पडतं." तेव्हा हे बटण दाबायचं राहिलेलं असतं.

गाणं फक्त पहिल्या चार स्लाइडपुरतं हवं असेल तर? 'अ‍ॅनिमेशन्स'मध्ये 'अ‍ॅनिमेशन पेन' उघडा. गाण्याच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये जा. तिथे किती स्लाइडनंतर थांबायचं तो आकडा असतो. तिथे ४ लिहा.

लांबीचा हिशेबही करून घ्या. १८ स्लाइड आणि प्रत्येकीला ६ सेकंद म्हणजे १०८ सेकंद, एक मिनिट ४८ सेकंद. गाणं पाच मिनिटांचं असेल तर 'प्लेबॅक'मधल्या 'ट्रिम ऑडिओ'ने तेवढंच कापा. 'फेड इन' आणि 'फेड आउट'ला दोन-तीन सेकंद द्या. म्हणजे गाणं कात्रीने कापल्यासारखं तुटत नाही, हळूच विझतं.

स्टॉलवर शो दिवसभर आपोआप फिरवायचा असेल तर 'ट्रान्झिशन्स'मध्ये 'आफ्टर'समोर सेकंद भरा आणि 'अप्लाय टू ऑल' दाबा. मग 'स्लाइड शो' पट्टीतल्या 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क' निवडा. आता कुणी माउसला हात लावला तरी स्लाइड पुढे पळत नाही. थांबवायचं असेल तेव्हा 'एस्केप' दाबा.

"घरी वाजत होतं, इथे वाजत नाही"

या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. गाणं फाईलच्या आत नव्हतंच, स्लाइडवर फक्त त्याचा पत्ता होता. तुम्ही पेन ड्राइव्हवर स्लाइडशो आणला, गाणं घरच्या कॉम्प्युटरवर राहिलं.

पॉवरपॉइंट २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हे फार व्हायचं. एमपीथ्री फाईल आत बसतच नसे, फक्त जोडली जायची. आत बसायची ती छोटी डब्ल्यूएव्ही फाईल, तीही साधारण १०० केबीपर्यंत. २०१० पासून गाणं आपोआप आत बसतं. पण आजही दोन ठिकाणी चूक होते. एक, टाकताना 'लिंक टू फाईल' निवडलं जातं. दोन, फाईल जुन्या 'पीपीटी' प्रकारात साठवली जाते. साठवताना नेहमी 'पीपीटीएक्स' निवडा.

खात्री कशी करायची? सोपी परीक्षा आहे. स्लाइडशो पेन ड्राइव्हवर घ्या आणि शेजाऱ्याच्या किंवा भाच्याच्या लॅपटॉपवर चालवून बघा. तिथे वाजलं तर गाणं आत आहे. आपल्याच लॅपटॉपवर दहा वेळा वाजवून पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही.

गुगल स्लाइड्स वापरत असाल तर गाणं आधी गुगल ड्राइव्हवर टाकावं लागतं. स्लाइडशो दुसऱ्याला पाठवताना त्या गाण्याच्या फाईललाही बघण्याची परवानगी द्या. नाहीतर समोरच्याला चित्रं दिसतात, आवाज येत नाही.

फाईलचा प्रकार बघा

एमपीथ्री आणि एमफोरए या दोन प्रकारांत सहसा अडचण येत नाही. डब्ल्यूएव्हीसुद्धा वाजते, पण फार जड असते. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही एका मिनिटाला सुमारे १० एमबी खाते. साधी १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला जेमतेम १ एमबी घेते. जुना लॅपटॉप अडखळत असेल तर आधी हे तपासा. 'फाईल'मध्ये 'इन्फो'वर गेलात की 'कॉम्प्रेस मीडिया' मिळतं, त्यानेही वजन उतरतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज थेट स्लाइडवर टाकायला जाऊ नका. तो 'ओपस' प्रकारात असतो आणि पॉवरपॉइंट तो घेत नाही. काही जण फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून 'एमपीथ्री' लिहितात. त्याने काही होत नाही. डब्यावर 'शेंगा चटणी' लिहिलं म्हणून आतल्या जवसाच्या शेंगा होत नाहीत! व्हीएलसी हा मोफत प्लेअर घ्या. त्यात 'मीडिया'खाली 'कन्व्हर्ट' आहे. तिथून खरी एमपीथ्री करून मिळते.

आवाजाची वाट तपासा

गाणं आत आहे, तरी आवाज येत नाही. आता काय? लॅपटॉपवर दुसरं काहीतरी वाजवा, एखादा व्हिडिओ लावा. तो ऐकू आला तर दोष स्लाइडशोत. तोही ऐकू आला नाही तर दोष यंत्रात किंवा वायरीत. एवढ्या एका परीक्षेने निम्मी धावपळ वाचते.

दोष यंत्रात असेल तर या क्रमाने बघा.

एक, वायर कोणती आहे? निळ्या टोकाची जुनी व्हीजीए वायर फक्त चित्र नेते, आवाज नेतच नाही. तेव्हा स्पीकरला वेगळी वायर लागणार.

दोन, एचडीएमआय वायर असेल तर ती जोडल्याबरोबर बऱ्याचदा विंडोज आवाज टीव्हीकडे किंवा प्रोजेक्टरकडे पाठवतं. प्रोजेक्टरला स्पीकरच नसेल तर आवाज गडप. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि आवाज कुठून हवा ते निवडा. मग पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडा.

तीन, आवाजाचे नळ मोजा. गाण्याचा स्वतःचा आवाज, विंडोजचा आवाज, टीव्ही किंवा स्पीकरचा आवाज. एक जरी नळ बंद असेल तर पाणी येणार नाही.

चार, ब्लूटूथ. घरी छान चालतं, पण प्रदर्शनाच्या गर्दीत आवाज तुटतो, उशिरा येतो, नाहीतर शेजारच्या स्टॉलवाल्याचा मोबाइलच तुमच्या स्पीकरला जोडला जातो. दिवसभराच्या कामाला साधी ३.५ मिमीची वायर भरवशाची. आणि हॉलमधल्या साउंडवाल्या दादांना आदल्या दिवशीच विचारा, "लॅपटॉपचा आवाज मिक्सरला द्यायची वायर आहे ना?"

सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे स्लाइडशोचा व्हिडिओ करून ठेवणं. 'फाईल', मग 'एक्स्पोर्ट', मग 'क्रिएट अ व्हिडिओ'. एमपीफोर तयार होतो. स्लाइडला वेळ दिला नसेल तर पॉवरपॉइंट प्रत्येकीला ५ सेकंद धरतं, ते आधी ठरवून घ्या. हा व्हिडिओ टीव्हीच्या यूएसबीला लावता येतो, ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. पॉवरपॉइंट असो वा नसो, गाणं चित्राबरोबरच जातं.

आता सर्वात महत्त्वाचं: गाणं कुणाचं?

घरच्या बारशाच्या फोटोंना सिनेमातलं गाणं लावणं वेगळं आणि धंद्याच्या जाहिरातीला लावणं वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घाबरवायला सांगत नाही, पण नव्या धंद्याला ही झळ परवडणारी नाही.

"जुनं गाणं आहे, आता फुकट असेल" असं बरेच जण धरून चालतात. हिशेब समजून घ्या. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं टिकतो. १९६२ साली निघालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क २०२२ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या गीतांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. उलट, सोलापूरचे शाहीर राम जोशी जाऊन दोनशे वर्षं उलटली. त्यांच्या लावणीचे शब्द मोकळे आहेत, पण एखाद्या गायिकेने परवा केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग मोकळं नाही.

स्टॉलवर गाणं वाजवणं म्हणजे सार्वजनिक वादन. त्यासाठी शब्द आणि संगीताच्या हक्कांचं काम आयपीआरएस ही संस्था बघते. अनेक कंपन्यांच्या रेकॉर्डिंगचं काम पीपीएल बघते. आयोजकांनी परवानगी काढली आहे का, हे लेखी विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा, वाजवायची परवानगी म्हणजे आपल्या जाहिरातीच्या व्हिडिओत ते गाणं जोडायची परवानगी नव्हे. ती वेगळी घ्यावी लागते.

मग काय लावायचं? तीन रस्ते आहेत.

पहिला, यूट्यूब स्टुडिओमधल्या ऑडिओ लायब्ररीसारख्या ठिकाणचं मोफत संगीत. मोफत असलं तरी अटी वाचा. काही धुनांना संगीतकाराचं नाव द्यावं लागतं. 'नॉन कमर्शियल' लिहिलेलं संगीत धंद्यासाठी चालत नाही.

दुसरा, ओळखीच्या बासरी किंवा तबलावादकाकडून दोन मिनिटांची धून वाजवून घ्या. योग्य मानधन द्या आणि कागद करा. हक्क लेखीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. परदेशी ग्राहक डोळ्यांसमोर असेल तर हे आधीच नीट लिहा.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो. आपल्या कामाचाच आवाज वापरा. मागाची खटखट, शिलाई मशीनची घरघर, भाकरी थापण्याचा आवाज, खलबत्त्यात कुटल्या जाणाऱ्या शेंगा. मोबाइल जवळ धरून, पंखा बंद करून एक मिनिट रेकॉर्ड करा. हे शहर एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि जेवायला बसायचं, कामाचा आवाज आपल्याला नवा नाही. टॉवेल विणला जातानाचा खरा आवाज दुसऱ्या कुणाच्या स्टॉलवर मिळणार नाही, आणि त्यावर कुणी हक्कही सांगणार नाही.

शेवटचे चार नियम

तुम्ही बोलत असाल तेव्हा संगीत बंद. ग्राहकाला भाव ऐकायचा आहे, बासरी नाही.

शब्द असलेलं गाणं शक्यतो टाळा. त्याचे शब्द तुमच्या शब्दांशी भांडतात.

आवाज एवढाच ठेवा की दोन हातांवर उभ्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येईल. शेजारच्या स्टॉलवाल्याशी दिवसभर संबंध चांगले ठेवायचे आहेत!

आणि मुक्या शोची तयारी ठेवा. मालाचं नाव, आकार, भाव, फोन नंबर हे सगळं स्लाइडवर ठळक लिहिलेलं असू द्या. लाइट गेली, स्पीकर बसला, वायर हरवली, तरी तुमचा माल स्वतःची ओळख करून देऊ शकला पाहिजे.

आज एवढंच करा: सहा स्लाइड, एक मिनिटाचं संगीत, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एक चाचणी. चला, कामाला लागा!