शिकायला जर्मनीत – भाग ४ : सगळ्यात आधी पत्ता

मागच्या भागात घर कसं शोधायचं ते पाहिलं. आता घर मिळालं, बॅगा आत आल्या, आईला पोहोचल्याचा फोन झाला असं धरून चालू. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि त्या धावपळीत मुलं आधी सिम कार्ड, मग भारतीय किराण्याचं दुकान शोधत फिरतात. तेही हवंच. पण पहिलं काम वेगळं आहे : राहता पत्ता सरकारदरबारी नोंदवणं. तिथले लोक याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आपली मुलं ‘सिटी रजिस्ट्रेशन’.

कायदा सांगतो, की घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद झाली पाहिजे. नोंद शहराच्या नागरिक कार्यालयात होते. मोठ्या शहरांत तिथली अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की भारतातूनच ती ऑनलाइन घेऊन ठेवा आणि तिचा ईमेल जपा. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचं ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते’ असं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. ‘खोली देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असं मालक म्हणाला, तर भाडं कितीही कमी असो, त्या घराला मुक्काम म्हणून हात लावू नका. मित्राच्या घरी राहत नसताना त्याच्या पत्त्यावर नाव नोंदवणं दंडनीय आहे, हेही लक्षात ठेवा.

अर्जात धर्माचा एक रकाना असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी तो समजून भरावा. तिथे कॅथलिक अशी नोंद झाली, की पुढे नोकरी लागून आयकर भरायला लागल्यावर त्या कराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर वेगळा कापला जातो. माहिती खरीच द्यायची, पण तिचा अर्थ आधी ठाऊक असावा.

नोंदणीचा एवढा आग्रह अशासाठी, की पुढची बहुतेक कामं तिच्या दाखल्याच्या एका कागदावर अडतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवून तुम्ही व्हिसा मिळवलेला असतो. त्यातले महिन्याचे ९९२ युरो हातात येण्यासाठी तिथलं चालू खातं लागतं, आणि खातं उघडताना अनेक बँका नोंदणीचा दाखला मागतात. नोंद झाली की काही आठवड्यांत कर क्रमांक टपालाने घरी येतो. अर्धवेळ काम करायचं तर काम देणारा तोच मागतो. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, पण क्रमांक नसला तर पगारातून जास्त कर कापला जातो. निवास परवान्याच्या अर्जालाही हाच दाखला लागतो. तो अर्ज व्हिसावरची शेवटची तारीख उलटण्याआधी गेलाच पाहिजे.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अनेकांची पत्रं परत जातात. पुण्या-मुंबईत आपण पत्त्यात फ्लॅट नंबर, विंग, सोसायटी आणि वर ‘अमक्या मंदिराजवळ’ असं सगळं लिहितो. जर्मनीत रस्ता, घर क्रमांक, पिन कोड आणि शहर एवढंच असतं. बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. खाली पत्रपेट्यांची रांग असते आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल, तर पत्र आल्या वाटेने परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कार्ड, कर क्रमांक, हे सगळं टपालानेच येतं. म्हणून चावी मिळाली त्याच दिवशी, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने, आडनावाची पट्टी पेटीवर आणि दारावरच्या बेलपाशी लावा. भाड्याने घेतलेल्या खोलीत आधीच कुणी राहत असेल, तर त्याच्या नावाखाली तुमचं नाव आलंच पाहिजे.

थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येईल. ते खरं असतं, फसवणूक नव्हे. टीव्ही नसला तरी घरटी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. मात्र शुल्क घराला असतं, माणसाला नाही, त्यामुळे चौघे एकत्र राहत असतील तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत नवी नोंद करा आणि देश सोडताना नाव काढून घ्या. आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडा. भाषा कळली नाही, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात घेऊन जा, पण न वाचता ठेवू नका. जर्मनीत मुदत पत्रात लिहिलेली असते आणि ती तुमची वाट पाहत नाही.

पुढच्या आठवड्यात : परीक्षेची नोंदणी आणि तिच्या तारखा.