कवचाआडची जगदंबा

नवरात्रात कोनगावची भाविक मंडळी खाडीपूल ओलांडून दुर्गाडीच्या देवीस जातात. ज्यांना साधेल ते वणीचा सप्तशृंगगडही गाठतात. गडावरील जगदंबेचे दर्शन २०२२ पासून निराळे घडते. माताभगिनी आम्हांस विचारतात, "बुवा, देवीचा शेंदूर उतरविला, हे शास्त्रास धरून आहे काय?" उत्तर देण्यापूर्वी दूरदेशीच्या एका देवीची कथा सांगतो.

ग्रीस देशी अथेन्स नगरीत ख्रिस्तपूर्व ४३८ मध्ये फिडियस नामक शिल्पकाराची अथीना देवीची मूर्ती मंदिरात प्रतिष्ठित झाली. उंची २६ हात, म्हणजे सुमारे ४० फूट. आत लाकडाचा सांगाडा, अंगकांती हस्तिदंताची, वस्त्रे सोन्याची. हे सोने सुटे करता येई. युद्धप्रसंगी ते वापरावे व मागाहून देवीस परत करावे, असे पेरिक्लीस हा नेता सांगे. पुढे ख्रिस्तपूर्व २९६ च्या सुमारास लाखारीस नामक सत्ताधीशाने सैन्याच्या वेतनासाठी ते काढून घेतले. कालांतराने मूर्तीही नाहीशी झाली. तिचे रूप आज लहान प्रतिकृतींवरून जाणावे लागते.

आता आपली सप्तशृंगी पाहा. अष्टादशभुजा, आठ फुटांहून उंच, कड्याच्या पाषाणातच कोरलेली. पिढ्यानुपिढ्यांच्या शेंदूरलेपनाने तिच्यावर जाड कवच चढले होते. त्याने मूर्तीस इजा पोहोचू नये म्हणून २१ जुलै २०२२ पासून दर्शन बंद ठेवून तज्ज्ञांकरवी हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरविण्यात आला. २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मंदिर उघडले आणि झाकलेले मूळ कोरीव रूप भक्तांस दिसले.

अथेन्समध्ये आवरण काढले ते द्रव्याच्या लोभाने. गडावर उतरविले ते मूर्तीच्या रक्षणासाठी. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहेच. तेव्हा मूर्तीची निगा राखणे हे धर्मकृत्यच होय. तो शेंदूर आपल्या पूर्वजांची भक्ती होती, म्हणून कित्येकांचे मन हळहळते, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांनी तो ज्या मूर्तीस वाहिला, ती नातवंडांसाठी टिकावी, हेच त्या भक्तीचे खरे फळ.

सप्तशतीच्या मध्यम चरित्राच्या ध्यानात अक्षमाळेपासून सुदर्शनापर्यंत देवीच्या अठरा हातांतील वस्तू एकेक करून सांगितल्या आहेत. यंदा ते ध्यान मनात घेऊन गडावर उभे राहावे. जगदंबा सर्वांचे कल्याण करो.