आग आत असते

केंदूर-पाबळ भागातल्या शाळांच्या सहली पुण्याला जातात, शनिवारवाडा पाहतात. त्यांनी एरंडवण्यातल्या अग्निशमन केंद्रातलं संग्रहालयही जरूर पाहावं. आग विझवण्याच्या प्रत्येक साधनामागे पदार्थविज्ञान असतं आणि ते खेड्यातल्या मुलांच्या रोजच्या उपयोगाचं आहे.

जुन्या काळचा आगीचा हातपंप घ्या. दांडा खाली-वर होतो, त्यामुळे पाणी हिसक्यांनी यायला हवं. पण धार अखंड निघते. कारण पंपाला हवेचं एक बंद भांडं जोडलेलं असतं. दट्ट्या दाबला की पाणी त्या हवेला दाबतं आणि दट्ट्या मागे येताना तीच दबलेली हवा पाण्याला बाहेर ढकलत राहते. पुढचं निमुळतं नोझल धारेचा वेग वाढवतं.

आगीवर पाणीच का? १०० अंशाच्या एक किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त! शिवाय वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापते आणि ज्वाळेजवळची हवा दूर सारते. मात्र हे सगळं घडतं ते पाणी तापलेल्या जागी पोहोचलं तरच.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ते पोहोचलं नाही. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या हजारो गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. दोन नंबरच्या कप्प्यात खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. दुपारी धूर दिसला. जवानांनी शेकडो टन पाणी ओतलं. पण घट्ट आवळलेली गाठ आतून धुमसते. तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला पुरते आणि पाणी गाभ्यात सहज शिरत नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ देश १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो.

कडब्याची गंज अशीच धुमसते. वरून हंडे ओतले की ज्वाळा बसते, गाभा मात्र तापलेलाच राहतो आणि वारा लागला की पुन्हा भडकतो. म्हणून ज्वाळा बसल्यावर लांब दांड्याच्या आकडीनं पेंढ्या ओढून सुट्या करायच्या आणि एकेक भिजवायची. गंजी एकमेकींपासून, गोठ्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचायच्या.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. तोवर रब्बीच्या ज्वारीचा कडबा गंजीला लागलेला असतो आणि ऊन तापलेलं असतं. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीनं आणि शाळेनं मिळून गंज विझवण्याचं प्रात्यक्षिक गावासमोर करून दाखवावं. तालुक्याचा बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटं गावाच्याच हातात असतात.