ऑक्टेन अंक आणि मोटारीची शक्ती

शर्यतीच्या मोटारीचे इंधन रस्त्यावरील वेगवान मोटारीत भरल्यास तिची शक्ती आपोआप वाढते, हा समज बरोबर नाही. ऑक्टेन अंक हा इंधनातील ऊर्जेचा नव्हे, तर दाब व उष्णता यांमुळे अकाली पेट न घेण्याच्या गुणाचा निदर्शक होय. इंजिनाचे संपीडन गुणोत्तर अधिक असेल किंवा त्यास टर्बोचार्जर जोडलेला असेल, तरच अशा इंधनाचा लाभ मिळू शकतो. एरवी खर्च तेवढा वाढतो. शर्यतीच्या काही इंधनांत शिसे असते. त्यामुळे धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक निकामी होतो आणि हवेत मिसळलेले शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणूनच भारतात २००० साली मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद करण्यात आली. उत्पादकाने सांगितलेल्या ऑक्टेन अंकाचेच पेट्रोल वापरणे हिताचे होय.